नेमणूक, निवृत्तिवेतन आणि तारखेची रेघ

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून या त्रैमासिकाच्या कांहीं वाचकांस प्रथम नवल वाटेल. सनदा, महजर व ताळेबंद यांच्या चर्चेंत ज्यांचा काळ जातो, त्यांच्यापुढें सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न कशासाठीं मांडावा, हा विषय वर्तमानपत्रांचा आहे, असें ते म्हणतील. आम्हांसही प्रारंभीं असेंच वाटत होतें. परंतु १४ मार्च २०२३ रोजीं महाराष्ट्रांतील सरकारी व निमसरकारी नोकरांनीं ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ अशी घोषणा करीत संप पुकारला, तो २० मार्चपर्यंत चालला, आणि त्या सात दिवसांत आमच्या जुन्या शाळेंतील तरुण शिक्षक आमच्या ओसरीवर येऊन बसूं लागले. त्यांचें बोलणें ऐकतां ऐकतां आम्हांस वारंवार भास होई कीं, हें सर्व आपण पूर्वीं कोठें तरी वाचलेलें आहे. कोठें तें आठवूं लागतांच इनाम कमिशनच्या वेळचे कागद डोळ्यांपुढें उभे राहिले. तोच धागा येथें उलगडून दाखविण्याचा विचार आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगून टाकणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. आम्ही स्वतः जुन्या नियमाखालीं निवृत्त झालेले शिक्षक आहों. दरमहा मिळणाऱ्या पेन्शनीवर आमचें घर चालतें व याद्या विकत घेण्याचें व्यसनही त्यांतूनच भागतें. तेव्हां या प्रश्नांत आम्ही तटस्थ नाहीं; फार तर एवढेंच कीं, आमचा लाभ किंवा हानि आतां त्यांत गुंतलेली नाहीं.

नियम बदलला कीं लोक दराची चर्चा करितात. अर्धें मिळेल कीं तिजाई मिळेल, महागाईभत्ता जोडला जाईल कीं नाहीं, हेंच जो तो विचारतो. आमच्या मतें दराइतकीच तारीख पाहिली पाहिजे. देणाऱ्याच्या हातून बदल होतो तो एका दिवसाची रेघ मारून. आणि त्या रेघेच्या अलीकडे पलीकडे पडलेलीं माणसें, एकच काम एकाच छपराखालीं करीत असतांही, दोन निराळ्या राज्यांतलीं प्रजा होतात. मग आपण कोणत्या बाजूचे हें सिद्ध करण्यासाठीं त्यांना कागद शोधावे लागतात.

निवृत्तिवेतनाचें मूळ शोधूं गेल्यास प्राचीन ग्रंथांत दोन जागा सांपडतात. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणांत, भृत्यांच्या भरणाच्या प्रकरणांत, काम करतां करतां मेलेल्या सेवकाच्या बायकामुलांस अन्न व वेतन द्यावें असें सांगितलें आहे. श्यामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूरहून हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, तेव्हांपासून हें वचन अनेकांनीं उद्धृत केलेलें आहे. दुसरी जागा शुक्रनीतींतील. तेथें चाळीस वर्षें चाकरी केलेल्यास अर्धें वेतन घरबसल्या द्यावें असा नियम आहे. ऑपर्ट यांनीं १८८२ सालीं मद्रासेस ही संहिता छापली. वाचून मन प्रसन्न होतें खरें; परंतु नियम इतका नेटका व कंपनीसरकारच्या कारकुनी वळणाचा आहे कीं, लल्लनजी गोपाल यांनीं ही संहिता एकोणिसाव्या शतकांतील ठरविली तें आम्हांस पटतें. पोथी जुनी दिसली म्हणजे वचन जुनें असतेंच असें नाहीं, हें या वाचकवर्गास आम्हीं काय सांगावें? मात्र कौटिल्याचें वचन निर्विवाद आहे, आणि त्याचा आशय ध्यानांत ठेवावा, पुढें त्याची गांठ पडणार आहे.

मराठ्यांच्या दौलतींत वयोमानानें चाकरी सोडणाऱ्यास ठराविक वेतन देण्याची सरसकट पद्धति नव्हती. होती ती नेमणूक, वर्षासन, इनाम अशी निरनिराळ्या निमित्तांचीं देणीं. त्यांतलें आमच्या विषयास सर्वांत जवळचें देणें म्हणजे बालपरवेशी. लढाईंत पडलेल्या किंवा जायबंदी झालेल्या शिपायाच्या कुटुंबास जमीन अथवा रोख नेमून देत, त्याचें हें नांव. अशा प्रत्येक देण्याच्या कागदांत जाणता वाचक प्रथम एकच गोष्ट पाहतो, ती ही कीं, देणें हयातीपुरतें आहे कीं वंशपरंपरेनें. रक्कम मागाहून. धन्याची मेहेरबानी कोठें संपते आणि घेणाऱ्याचा हक्क कोठें सुरू होतो, तें त्या एका शब्दावर ठरे.

हा शब्द किती महाग पडूं शकतो याचें सर्वपरिचित उदाहरण बिठूरचें आहे. ३ जून १८१८ रोजीं दुसरे बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले व त्यांस व त्यांच्या कुटुंबास सालीना आठ लक्ष रुपयांची नेमणूक ठरली. २८ जानेवारी १८५१ रोजीं ते वारले, आणि ती नेमणूक त्यांच्या हयातीपुरतीच होती असें म्हणून डलहौसीनें नानासाहेबांचा दावा फेटाळला. पुढचा इतिहास येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्या मोठ्या प्रकरणाच्या छायेंत त्याच सुमारास हजारों लहान घरांचें काय झालें, तें आम्हांस पाहावयाचें आहे.

सन १८५२ च्या ११ व्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत इनामांच्या चौकशीस कायद्याचें बळ मिळालें. त्या कायद्यास जोडलेल्या नियमांत, ज्यांच्याजवळ अधिकारी पुरुषानें दिलेली वंशपरंपरेची सनद होती त्यांची गोष्ट निराळी ठेविली होती. ज्यांच्याजवळ तशी सनद नव्हती, केवळ वहिवाट होती, त्यांच्यासाठीं वर्षांचें माप होतें. इंग्रजी अंमल बसण्यापूर्वीं साठ वर्षें जमीन अखंड माफीनें चालत आलेली असावी, आणि अंमल बसतेवेळीं ती मूळ घेणाऱ्याच्या नातवाच्या किंवा त्याच्या पुरुषसंततीच्या ताब्यांत असावी. तरच ती पुरुषवारस असेतोंपर्यंत पुढें चालावयाची. चाळीस वर्षांच्या वहिवाटीसाठीं याहून आंखूड सवलत होती.

आतां हिशेब करून पाहा. पेशव्यांच्या मुलखांत अंमल बसला तो १८१८ सालीं. त्यांतून साठ वजा केलीं म्हणजे १७५८ येतें. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. म्हणजे पानिपतावर पडलेल्या एखाद्या शिपायाच्या लेकरांस लढाईनंतर जमीन मिळाली असेल, व सनद पावसांत भिजून अथवा वाळवी लागून गेली असेल, तर त्या घराचीं वर्षें भरत सत्तावन्न. तीन वर्षें कमी! बाप १७५८ पूर्वीं एखाद्या लहान चकमकींत पडला असता तर वर्षांचें माप पुरें झालें असतें. पानिपतावर पडला म्हणून पुरें पडलें नाहीं. असा कोणाचा हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं. कायदा करणाऱ्याच्या मनांत पानिपत नव्हतेंच. त्याच्या मनांत साठ हा वाटोळा आंकडा होता.

या चौकशीचा एक परिणाम संशोधकांच्या पथ्यावर पडला, तोही प्रांजळपणें नमूद केला पाहिजे. घराघरांतून माळ्यावरचे रुमाल खालीं आले, नकला झाल्या, साक्षी झाल्या. पेशवे दफ्तर इनाम कमिशनच्या हातीं आलें तें दावे तपासण्याचें साधन म्हणून. आणि त्याच दफ्तरांतून पुढें गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० नंतर पंचेचाळीस खंड बाहेर पडले. आपल्यापैकीं कित्येकांच्या संग्रहांतील उत्तम कागद कोणा तरी घराच्या भीतीमुळें जपले गेले आहेत. संग्राहकानें हा कागद हातीं घेतांना ती भीति विसरूं नये.

चौकशी फार लांबली व असंतोष फार झाला, तेव्हां १८६३ सालच्या मुंबईच्या २ व ७ या कायद्यांनीं तडजोड काढण्यांत आली. पुरावा तपासत बसण्याऐवजीं वार्षिक भरणा घेऊन जमिनी कायम करून देण्याची ती योजना होती. त्यानंतर आला १८७१ चा २३ वा कायदा, म्हणजे पेन्शन्स अॅक्ट. याच्या ४ थ्या कलमानें पूर्वींच्या किंवा इंग्रज सरकारनें दिलेल्या पेन्शनीविषयींचे दावे दिवाणी कोर्टांनीं ऐकूं नयेत असें ठरविलें. गाऱ्हाणें असेल त्यानें कलेक्टराकडे जावें. पेन्शनीवर सावकारास जप्ती आणतां येऊं नये अशी एक हिताची तरतूदही त्यांत होती. सावकारापासून रक्षण केलें व न्यायाधीशापासूनही दूर ठेविलें, असें या कायद्याचें दुहेरी स्वरूप. नोकराची पेन्शन ही देणगी आहे ही भावना कचेऱ्यांत मुरली ती याच काळांत. सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्सच्या ३५१ व्या नियमांत तर निवृत्तीनंतरची वर्तणूक चांगली राहील ही पेन्शनीची अध्याहृत अटच घातलेली होती. म्हातारपणींही माणसानें शहाण्यासारखें वागावें अशी अपेक्षा कोणी करील, पण तिच्यावर भाकरी टांगून ठेवणें निराळें.

खासगी शाळांतील शिक्षकांना तर ही टांगलेली भाकरीही नव्हती. त्यांना भविष्यनिर्वाह निधि असे. महाराष्ट्रांत मान्यताप्राप्त अनुदानित माध्यमिक शाळांतील सेवकांना निवृत्तिवेतन मिळूं लागलें तें ४ नोव्हेंबर १९६८ च्या शासननिर्णयानें, व तें लागूं झालें १ एप्रिल १९६६ रोजीं अथवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना. आम्हांस अमरकोश ज्यांनीं शिकविला ते गुरुजी त्याच्या आदल्या वर्षीं निवृत्त झाले होते. निधीची रक्कम हातीं आली, ती एका मुलीच्या लग्नांत गेली. पुढें पंधरा वर्षें ते घरीं शिकवण्या करीत. आम्ही मुलें त्यांच्याकडे सकाळीं सहाला जात असूं, व त्यांना थंडी सोसत नसे तरी ते आधीं उठून बसलेले असत. हा विद्येचा उत्साह आहे असें आम्हीं तेव्हां समजलों. त्यांच्याच हाताखालीं शिकवून दोन वर्षें मागाहून निवृत्त झालेले दुसरे एक मास्तर मात्र सायंकाळीं नदीवर फिरावयास जात.

रेघेविरुद्ध मोठा निवाडा झाला तो १९८२ सालीं. केंद्रसरकारनें २५ मे १९७९ रोजीं पेन्शनीचें सूत्र उदार केलें. परंतु तें ३१ मार्च १९७९ रोजीं वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच लागूं केलें. पूर्वीं छत्तीस महिन्यांच्या वेतनाची सरासरी धरून ज्यांची पेन्शन ठरली ते जुन्या मापांतच राहिले. नव्यांना दहा महिन्यांची सरासरी मिळाली. वेतन वाढतें असल्यामुळें अखेरच्या दहा महिन्यांची सरासरी साहजिकच अधिक भरते. डी. एस. नाकारा व इतर यांनीं याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत धाव घेतली. १७ डिसेंबर १९८२ रोजीं पांच न्यायमूर्तींनीं निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे पुण्याचे, व न्या. तुळजापूरकरही त्या पीठावर होते. निकालपत्र न्या. देसाई यांनीं लिहिलें. पेन्शन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचें फळ आहे, आणि एकाच वर्गाच्या मनुष्यांना केवळ तारखेनें दुभागतां येत नाहीं, असा त्याचा सारांश. हा दिवस निवृत्त लोक अजून ‘पेन्शनर दिन’ म्हणून पाळतात. १८५२ सालीं असा निवाडा कोणी केला असता तर, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

परंतु रेघ पुसली गेली नाहीं. ती फक्त सरकली. १९९० सालीं कृष्णकुमार यांच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें, रेल्वेंतील जे नोकर भविष्यनिर्वाह निधि घेऊन निवृत्त झाले त्यांचा वर्ग पेन्शनवाल्यांहून निराळा आहे, त्यांना नाकारा यांचा निकाल लागूं नाहीं, असें ठरविलें. म्हणजे एका योजनेच्या आंत भेद करूं नये. योजनाच दोन असल्या तर भेद चालेल. तर्कशास्त्राच्या दृष्टीनें हें सुसंगत आहे. पुढील काळीं ज्यांना रेघ मारावयाची होती त्यांना मात्र यांतून मार्ग दिसला असावा, असा आमचा तर्क आहे.

केंद्रसरकारनें २२ डिसेंबर २००३ च्या अधिसूचनेनें १ जानेवारी २००४ पासून, सैन्यदलें वगळून, नव्या नोकरांसाठीं नवी योजना आणली. महाराष्ट्रानें ३१ ऑक्टोबर २००५ च्या निर्णयानें १ नोव्हेंबर २००५ रोजीं वा त्यानंतर नेमलेल्यांना ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’ लागूं केली. कारणें खोटीं नव्हतीं. मनुष्याचें आयुर्मान वाढलें, पेन्शनीचा भार तिजोरीवर चढत गेला, आणि कोणत्याही दौलतीस पुढच्या पिढीच्या उत्पन्नावर अमर्याद वराता काढतां येत नाहींत. कर्जानें पेशवाईची काय दशा झाली हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना तें पटवून देण्याची आवश्यकता नाहीं. वाद कारणाचा नसून ओझें कोणाच्या पाठीवर किती ठेविलें याचा आहे.

व्याकरणाच्या उदाहरणांतील देवदत्त व यज्ञदत्त यांना एकाच शाळेंत मास्तर कल्पूं. देवदत्त ऑक्टोबर २००५ मध्यें लागला, यज्ञदत्त नोव्हेंबरांत. देवदत्तास पूर्ण सेवेनंतर अखेरच्या वेतनाचें निम्में मिळेल, त्यावर महागाईभत्ता चढत जाईल, त्याच्यामागें त्याच्या पत्नीस कुटुंबनिवृत्तिवेतन मिळेल. बाजारांत काय चाललें आहे याच्याशीं त्याला कर्तव्य नाहीं. यज्ञदत्ताच्या पगारांतून मूळ वेतन व महागाईभत्ता मिळून दहा टक्के कापले जातात. सरकारही तितकेंच घालीत असे. पुढें केंद्रानें १ एप्रिल २०१९ पासून आपला भाग चौदा टक्के केला व महाराष्ट्रानें त्याचें अनुकरण केलें. हें द्रव्य बाजारांत गुंतविलें जातें. निवृत्तीच्या दिवशीं जें सांचलें असेल त्यांतील किमान चाळीस टक्के देऊन विमाकंपनीकडून वार्षिकी विकत घ्यावयाची, उरलेलें रोख. ती वार्षिकी किती येईल तें त्या दिवसाच्या भावावर, आणि महागाईबरोबर ती वाढेलच असें नाहीं. सारांश, देवदत्तास आपली पेन्शन आज त्रैराशिकानें काढतां येते. यज्ञदत्त शाळेंत गणित शिकवीत असला तरी त्याला ती काढतां येत नाहीं. आम्हीं त्याला विचारलें, तुम्हांस अधिक भीति कशाची वाटते, कमी मिळण्याची काय? तो म्हणाला, “कमी मिळेल हें कळलें तरी चालेल, गुरुजी. किती तें कोणी सांगत नाहीं.”

आमच्या दृष्टीनें या योजनेंतील सर्वांत मोठी उणीव म्हातारपणाची नव्हती, अकालमृत्यूची होती. तरुण नोकर सेवेंत वारला तर खात्यांत थोडीं वर्षें सांचलेली रक्कम ती काय असणार? जुन्या नियमांतील कुटुंबनिवृत्तिवेतन त्याच्या घराला नव्हतें. २०१८ सालीं महाराष्ट्रानें, सेवेचीं दहा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं मेलेल्याच्या कुटुंबास दहा लक्ष रुपये देण्याचें ठरविलें. त्याचें नांव सानुग्रह अनुदान. संस्कृत जाणणाऱ्यास या नांवांतील अनुग्रह हा शब्द टोंचतो. नाकारांच्या निकालानें बाहेर घालविलेली मेहेरबानी मागील दारानें परत आली. संपानंतर २०२३ सालींच कुटुंबनिवृत्तिवेतन व उपदान यांची तरतूद नव्या योजनेंतील नोकरांनाही झाली. म्हणजे जी गोष्ट कौटिल्यास ठाऊक होती व बालपरवेशी देणाऱ्या पेशव्यांच्या कारकुनासही ठाऊक होती, ती ध्यानीं येण्यास सतरा वर्षें लागलीं. त्या सतरा वर्षांत ज्यांचे कमावते गेले, त्या घरांना हा काळ किती लांब वाटला असेल!

रेघेवरच उभे असलेले लोक तर निराळेच. कांहीं शिक्षक १ नोव्हेंबर २००५ पूर्वीं रीतसर नेमलेले, परंतु त्यांच्या शाळेला शंभर टक्के अनुदान मिळालें तें नंतर. त्यांची नेमणूक खरी धरावी कीं शाळेचें अनुदान, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षें वाद झाले. दुसरे असे कीं, जाहिरात व निवड आधींची, हजर झाले नंतर. २००५ सालीं १ नोव्हेंबर हा लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. आमचे एक सहकारी ऑक्टोबरांत मुलाखत देऊन निवडले गेले. दिवाळीची सुटी तोंडावर आली होती. मुख्याध्यापकांनीं भल्या बुद्धीनें सांगितलें कीं, आतां घरीं सण करा, सुटी संपली कीं या. ते सुटी संपल्यावर गेले. त्या एका दिवाळीनें त्यांना देवदत्ताचे यज्ञदत्त केलें. अठरा वर्षें त्यांनीं ही गोष्ट हंसत सांगितली. अलीकडे ते हंसत नाहींत. निवृत्ति जवळ आली आहे.

केंद्रानें ३ मार्च २०२३ च्या ज्ञापनानें, ज्यांच्या पदाची जाहिरात २२ डिसेंबर २००३ पूर्वीं निघाली होती त्यांना जुन्या नियमाचा विकल्प दिला. महाराष्ट्रानेंही २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानें १ नोव्हेंबर २००५ पूर्वींच्या जाहिरातीवर नेमलेल्या आपल्या नोकरांना तसा विकल्प दिला. २४ ऑगस्ट २०२४ रोजीं केंद्रानें एकीकृत निवृत्तिवेतन योजना संमत केली, ती १ एप्रिल २०२५ पासून अंमलांत आली. पंचवीस वर्षें सेवा केलेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या मूळ वेतनाच्या सरासरीचें निम्में, दहा वर्षें केलेल्यास किमान दहा हजार रुपये, अशी तींत हमी आहे, मात्र नोकराचा भरणा चालूच. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें दुसऱ्याच दिवशीं तिला मान्यता दिली. १८६३ च्या कायद्यांशीं हिचें साम्य आम्हांस उघड दिसतें. तेव्हांही चौकशीचा ताण दोघांनाही असह्य झाल्यावर, भरणा घेऊन निश्चिति देण्याची तोडच निघाली होती.

फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाचा बोभाटा झाल्यावर ते दिवाळीचे सहकारी एका सायंकाळीं आमच्याकडे आले. सरकारी नोकरांना विकल्प मिळाला, तर त्याच न्यायानें आपणही अर्ज करावा असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. त्यांना हवी होती २००५ सालच्या ऑक्टोबरांतील शाळेची जाहिरात. शाळेजवळ तिची प्रत नव्हती. ज्या कचेरींत ती असावी तेथें ती सांपडेना. तुमच्या ओळखीच्या कोणा संग्राहकाकडे जुनीं वर्तमानपत्रें असतील काय, असें त्यांनीं विचारलें. आमची उभी हयात मोडी कागद वाचण्यांत गेली, परंतु एकोणीस वर्षांपूर्वींचें छापील पान मिळविणें त्याहून कठीण असतें हें आम्हांस तेव्हां कळलें. जुनें पान लोक जपतात, अलीकडचें रद्दींत घालतात.

तालुक्याच्या वाचनालयांत बांधीव फायली होत्या. तीन दिवस आम्ही दोघे तेथें बसलों. ऑक्टोबरच्या फायलीस खालून ओल लागलेली होती व पहिल्या आठवड्याचीं पानें एकमेकांस चिकटलीं होतीं. पातळ पट्टीनें तीं सोडविण्याची रीत आम्हांस सवयीची आहे. तिसऱ्या दिवशीं दुपारीं चवथ्या पानावर, एका पंचांगाच्या जाहिरातीखालीं, ती दोन बोटें उंचीची जाहिरात सांपडली. शाळेचें नांव, विषय व तारीख स्वच्छ वाचतां येत होती. ग्रंथपालांनीं नकलेवर शिक्का मारून दिला. अर्ज गेला आहे. लेख छापावयास देईपर्यंत त्याचें उत्तर आलेलें नव्हतें. नकलेची एक प्रत सहकाऱ्यांनीं आमच्याजवळ ठेविली आहे. ती आम्हीं इनामचौकशीच्या रुमालांत, त्या कागदांच्या वर, बांधून ठेविली.